दुधी काचेवरचे पाच मिलिमीटर

रविवार, दिनांक १२ फेब्रुवारी १९८९, पहाटेचे पाच वाजून चाळीस मिनिटे. तापमान उणे सतरा अंश. बर्फावर अकरा माणसे आणि एका ओळीत अकरा ट्रायपॉड. सूर्योदयाची वेळ सहा बावीस.

ट्रायपॉड आदल्या संध्याकाळीच लावलेले होते. आमच्या छायाचित्र मंडळाची ती पद्धतच होती. जागा वडीलकीने ठरत. पायांभोवती थर्मासमधले गरम पाणी ओतले की ते काही वेळात गोठे आणि ट्रायपॉड बर्फात घट्ट रोवला जाई. मग रात्रभर वारा सुटला तरी हालत नसे. जे हालत नाही त्याच्याखाली पक्की जमीन आहे, असे मानण्याची खोड आम्हाला त्यातूनच लागली असावी. उत्तरेकडच्या ओखोत्स्क समुद्राच्या या किनाऱ्यावर फेब्रुवारीत वाळू कोठे संपते आणि समुद्रावरचा बर्फ कोठे सुरू होतो, ते वरच्या हिमाखाली दिसतच नाही. आमची ओळ वाळूपासून साठ पावले आत, समुद्रावर होती. पाण्यातल्या जोडखडकाच्या फटीतून उगवणारा सूर्य तेथूनच दिसतो, तोही वर्षातले चार दिवस.

ओळीच्या मध्यभागी कुनिसाकी गुरुजींचा ट्रायपॉड होता. मंडळाचे अध्यक्ष, वय एकोणऐंशी. गावातले निम्मे लोक त्यांच्या हाताखाली शिकलेले. गुडघे निकामी होत चालल्याने हा आपला शेवटचा हिवाळा, असे त्यांनी जानेवारीतच जाहीर केले होते. तो सूर्य त्यांना खरे तर गेल्याच वर्षी मिळायचा. बर्फ सरकतो आहे असे सांगून मी सर्वांना मागे आणले. बर्फ जागचा हालला नव्हता. माझ्याच ट्रायपॉडचा एक पाय काही मिलिमीटर खचला होता. मुरोरानच्या तंत्रनिकेतनात शिकून चाळीस वर्षे बंदरावरच्या क्रेनची देखभाल केलेल्या माणसाकडून ही चूक झाली, म्हणून तेव्हापासून हाताकेनाका हे आडनाव मागे पडून मी ‘मिलिमीटर-सान’, म्हणजे मिलिमीटरराव, झालो.

मी काळे कापड डोक्यावर घेतले आणि कॅमेऱ्याच्या मागच्या दुधी काचेत पाहिले. काचेवर मी पेन्सिलीने चौकटी आखल्या आहेत. चित्र उलटे उमटते: वर बर्फ, खाली आकाश. अंधुक उजेडात जवळच्या खडकाची कड दिसत होती आणि तिच्या शेजारी दूरच्या दीपगृहाचा दिवा लुकलुकत होता. कड आणि दिवा यांतले अंतर चौदा मिलिमीटर भरले. मी ते वहीत टिपले.

मग मला वास आला. मासे वाळवण्याच्या शेडचा. शेड आमच्या पाठीशी, गावाच्या कडेला आहे. तिचा वास येणे म्हणजे वारा जमिनीवरून समुद्राकडे वळला. असा वारा किनाऱ्यालगतचा बर्फ सोडवून नेतो, हे येथे लहान मुलालाही ठाऊक असते.

पाच बावन्नला अंतर बारा मिलिमीटर झाले.

गेल्या वर्षीची चूक मला पाठ होती. ट्रायपॉड खचला किंवा वळला, तर खडक आणि दिवा दोन्ही काचेवर एकत्र सरकतात. त्यांच्यातले अंतर तेवढेच राहते. अंतर बदलायला पाहणाऱ्याची जागाच बदलावी लागते. खडक दीडशे मीटरवर, माझे भिंग तीनशे मिलिमीटरचे. दोन मिलिमीटर म्हणजे एक मीटर. बारा मिनिटांत आम्ही अकराही जण एक मीटर सरकलो होतो आणि कोणाच्या पायाला ते कळले नव्हते.

मी वेताची काठी घेऊन किनाऱ्याकडे चाळीस पावले गेलो. एका जागी काठी हिमातून सहज खाली गेली आणि वर आली ती ओली. टोकावरचे पाणी माझ्यासमोर गोठले.

परत येऊन मी गुरुजींना दोन्ही गोष्टी सांगितल्या. शेजारी खेकड्यांच्या होडीवरचा निवृत्त तांडेल इशिगुरो होता. तो म्हणाला की भरती-ओहोटीची भेग तेथे रोजच ओली असते, त्यात नवीन काही नाही. त्याचे म्हणणे चूक नव्हते. खाण्याच्या समुद्री शेवाळाचे दुकान चालवणाऱ्या हात्सुए-सान म्हणाल्या, “मिलिमीटर-सान, बर्फ दर वर्षी तुम्हालाच बरा सांगून निघतो हो.” काही जण हसले.

गुरुजी हसले नाहीत. त्यांनी घड्याळ पाहिले.

“किती वाजता उगवतो?”

“सहा बावीस.”

“मग सहा तेवीसला निघू. गेल्या वर्षी तुझं ऐकलं होतं. यंदा तू माझं ऐक.”

एवढे बोलून ते कॅमेऱ्याकडे वळले. गुरुजी उभे असताना ओळ सोडायची नाही, हे मंडळात कोणाला सांगावे लागत नसे. मी एकटा मागे गेलो असतो तर उरले असते दहा.

सहा वाजता काचेवर नऊ मिलिमीटर. आठ मिनिटांत दीड मीटर. वेग दुपटीहून वाढला होता. हे गणित मी ओळीतल्या कोणा एकाला पटवू शकलो असतो, पण बावीस मिनिटांत दहा जणांना नाही. गुरुजी निघाले तर मात्र कोणाला पटवण्याची गरजच नव्हती.

मंडळाच्या तीस वर्षांत एकच सभासद काढून टाकला गेला होता. त्याने दुसऱ्याचा ट्रायपॉड वीतभर सरकवला होता.

माझ्या थर्मासमध्ये सातूचा गरम चहा अर्धा शिल्लक होता; एका ट्रायपॉडचे पाय सुटतील एवढा. मी गुरुजींच्या समोर गुडघ्यांवर बसलो आणि तो सगळा त्यांच्या ट्रायपॉडच्या तीन पायांवर ओतला. बुटाच्या टाचेने एकेक पाय सोडवला. मी ट्रायपॉड कॅमेऱ्यासकट खांद्यावर घेतला आणि किनाऱ्याकडे चालू लागलो.

“ठेव तो खाली.” गुरुजींचा आवाज चढलेला नव्हता, वर्गात कधी चढवावा लागला नसावा. “हाताकेनाका, खाली ठेव.”

मी थांबलो नाही. मागे त्यांची काठी बर्फावर आपटत असल्याचे ऐकू येत होते, म्हणजे ते येत होते. मग इतरांच्या लाथांचे आवाज आले. प्रत्येक जण आपापला ट्रायपॉड मोकळा करीत होता. अध्यक्षांच्या मागे राहायचे नाही, ही सवय त्या पहाटे प्रथमच कामाला आली.

ज्या जागी माझी काठी ओली झाली होती तेथे आता हिम खचून बर्फाचा राखाडी चिखल वर आला होता; बर्फ बराचसा किनाऱ्याच्या कडेने घसरत असल्याने रुंदी अजून एकच पाऊल. मी ओलांडून ट्रायपॉड पलीकडे ठेवला आणि मागे वळून हात पुढे केला. गुरुजींनी खाली पाहिले. त्यांनी माझा हात धरला आणि त्यांचे पूर्ण वजन माझ्यावर आले. पाचव्या माणसाच्या वेळेपर्यंत ओलांडायला दोन पावले लागत होती. हात्सुए-सान यांचा पाय मांडीपर्यंत आत गेला; इशिगुरोने त्यांना कॉलर धरून ओढले आणि नंतर तो स्वतः पोटावर सरपटत आला. तो शेवटचा. सहा वाजून चौदा मिनिटे. मी माणसे मोजली, मग पुन्हा मोजली.

सहा बावीसला सूर्य उगवला. वाळूवरून तो फटीत दिसत नाही. खडकाच्या डावीकडे, उघड्यावर वर आला. आमच्यासमोर काळ्या पाण्याचा पट्टा वीस मीटरचा झाला होता. पलीकडच्या बर्फावर माझा ट्रायपॉड उभा होता, कॅमेरा आणि फडफडणारे काळे कापड घेऊन, तसूभरही न हालता. चहा संपला होता. त्याच्यासाठी माझ्याकडे काही उरले नव्हते.

कोणी कॅमेरा उघडला नाही. हात्सुए-सान यांच्या पायाला इशिगुरो आपला लोकरी पट्टा गुंडाळत होता.

गुरुजी माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. ते दूर जाणाऱ्या त्या तीन पायांकडे पाहत होते.

“तुझ्या ट्रायपॉडला कोणी हात तर लावला नाही ना?”

“नाही, गुरुजी.”

“नियम आहे तो.” त्यांनी हातमोजा काढून नाक पुसले. “वही दे इकडे.”

त्या दिवशीची नोंद माझ्या वहीत त्यांच्या अक्षरात आहे. गेले अकरा. परतले अकरा. ट्रायपॉड दहा.