एकट्याला उचलता येणारी टाकी

मित्रांनो, मी एक जुनी टाकी आहे. टाकी म्हटल्यावर तुमची नजर गच्चीकडे गेली असेल, पण मी तशी नाही. मी गाडीच्या डिकीत मावणारी, पंचवीस लिटरची, निळी टाकी आहे. माझ्या पोटात लहानसा पंप आहे, बाजूला बॅटरीची पेटी आहे आणि तोंडाला लांब नळी आहे. नळीला काठी आणि काठीच्या टोकाला ब्रश लावला की तिसऱ्या मजल्याच्या काचासुद्धा जमिनीवर उभं राहून धुता येतात. माझी गोष्ट सांगण्याजोगी आहे की नाही, याची मला अजून खात्री वाटत नाही. ब्रशने सांगितली असती तर ती अधिक रंगली असती, कारण तो वर जाऊन सगळं पाहून यायचा आणि मी खालीच बसून असायचे. पण ब्रश आता राहिला नाही. म्हणून मलाच बोलावं लागत आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. साच्यातून बाहेर पडले तेव्हा मला दोन बाजूंना दोन कान होते. त्यांवर ओरखडे पडू नयेत म्हणून कुणीतरी प्लॅस्टिकचा पातळ कागद घट्ट गुंडाळला. दोन कान म्हणजे दोन माणसं येतील, असा माझा समज झाला.

तिथून मी नांदेडला सिद्धेश्वरशेठच्या दुकानात आले. माझ्या शेजारी चाकं लावलेलं एक मोठं यंत्र होतं. त्याच्यात पाणी गाळायच्या तीन नळकांड्या होत्या आणि नळी गुंडाळायला सुंदर पिवळं चाक होतं. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक त्याच्यापाशीच थांबायचं. माझ्यात गाळणी नव्हती. मला कोण घेणार, असं रोज वाटायचं.

ज्या वर्षी लातूरला रेल्वेने पाणी आणलं, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात एक उंच, किडकिडीत माणूस दुकानात आला. त्याचं नाव चांदपाशा. त्याने खिशातून सुतळी काढली. तिला तीन गाठी होत्या.

"काचा धुवायचं कायतरी दाखवा," तो म्हणाला. "माझ्या व्हॅनच्या डिकीत बसलं पायजे आन् पानी गाडीतूनच वर गेलं पायजे."

"वरच्या मजल्याच्या काचा का, मामू?" सिद्धेश्वरशेठने विचारलं.

"हाव. पर मी खालीच हुभा राहणार."

"मग डोळे झाकून हे मोठं घ्या. गाळलेलं पानी लागतंय ह्या कामाला. वर जाऊन पुसणार कोन? पानी आपोआप सुकलं की डाग राहू नये. ह्याला गाळणी हाय, आन् दोघांनी धरलं की झालं गाडीत."

"दुसरा कोन आणू?"

"म्हंजे? संगट कोनीच न्हाई?"

"न्हाई," चांदपाशा म्हणाला. "एकट्याला उचलंल असं दाखवा."

त्याने मोठ्या यंत्राला सुतळी लावूनही पाहिली. पहिली गाठ डिकीच्या रुंदीची होती आणि दुसरी उंचीची. या दोन्हींत ते कसंबसं बसलं असतं. तिसरी गाठ मात्र त्याच्या कमरेची होती, एकट्याने कुठवर उचलता येईल त्याची. त्या गाठीपाशी मोठं यंत्र नापास झालं. मग तो माझ्याकडे वळला. माझा उजवा कान धरून त्याने डावा हात माझ्या बुडाखाली घातला आणि मला छातीशी घेऊन उभा राहिला.

"हिला गाळणी न्हाई बरं का," सिद्धेश्वरशेठने पुन्हा सांगितलं. "पानी तुम्हाला चांगलंच भरावं लागंल."

"भरतो की," चांदपाशा म्हणाला.

मित्रांनो, मला निवडलं याचा आनंद झाला. पण सगळ्यांत चांगली म्हणून मला कुणी निवडलं नव्हतं. त्या माणसाला दुसरं कुणी नव्हतं म्हणून मी निवडले गेले होते. हा विचार त्याच्या गावी, लातूरला पोचेपर्यंत माझ्या रिकाम्या पोटात डुचमळत राहिला.

चांदपाशा मूळचा रंगारी होता. त्याची बायको सालेहा वारली होती आणि मुलगी लुबना लग्न होऊन कंधारला गेली होती. मला धुताना तो माझ्याशी हळू आवाजात बोलायचा. "तू तर कुनाला सांगणार न्हाईस," असं म्हणून एकदा त्याने मला सांगितलं, की तरुणपणी तो आणि त्याचा थोरला भाऊ आसिफ किल्लारीकडच्या एका गावात घर रंगवायला गेले होते. पहाटे भूकंप झाला तेव्हा चांदपाशा अंगणात निजला होता आणि आसिफ आत होता. भिंतीला टेकवलेली त्यांची शिडी तेवढी शाबूत राहिली. त्यानंतर चांदपाशाने शिडीला हात लावला नाही. टेकवली की भिंत हलते आहे असं त्याला वाटायचं. लोकांना तो गुडघ्याचं कारण सांगायचा. पुढे शिकवणीचे क्लास वाढले, काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि जमिनीवरून काचा धुता येतात हे त्याला कुठेतरी कळलं. त्याने व्हॅनच्या डिकीचं माप घेतलं, ते यासाठी.

त्याचं पहिलं मोठं काम शंकरप्पा सरांच्या क्लासचं होतं. इमारत तीन मजली, समोर नुसती काच. जूनमध्ये प्रवेश सुरू व्हायचे होते आणि त्याआधी ती लखलखायला हवी होती. काम जमलं तर आजूबाजूचे सगळे क्लास मिळतील, नाही तर क्लासवाले पुन्हा दोरांवर टांगलेल्या झुल्याकडे आणि शिडीकडे वळतील, एवढं मला समजत होतं.

आदल्या दिवशी चांदपाशा पाण्याच्या जारपाशी उभा राहिला. जारमधलं पाणी गाळलेलं होतं. त्याने जार उचलला आणि परत ठेवला.

"लोक घागरीसाठी रांगंत हुभे राहिले गेल्या साली," तो मला म्हणाला. "पिण्याच्या पान्यानं काचा धुवू? माझा हात उठत न्हाई."

त्याने मला बोअरच्या पाण्याने भरलं. मित्रांनो, ही त्याची चूक होती, पण त्याला दोष द्यायचं मला आजही जमत नाही. तहान पाहिलेल्या गावात तशी चूक होतेच. मला त्या पाण्याचा खारटपणा कळला होता. तो अडवायला मात्र माझ्यात काही नव्हतं.

सकाळभर त्याने काचा धुतल्या. ओल्या असताना त्या आरशासारख्या दिसत होत्या. दुपारचं ऊन पडलं, पाणी सुकलं आणि तिन्ही मजल्यांवर पांढरे ठिपके उमटले.

शंकरप्पा सर बाहेर येऊन मान वर करून पाहत राहिले.

"चांदपाशा, काच धुतली का चुना मारला?" ते म्हणाले. "सोमवारपासून पालक यायलेत. आधी काच दिसते, मग मास्तर दिसतो."

"काढतो सर डाग."

"कसे काढणार? तुम्ही तर रंगारी होतात. रविवारी झुला बांधायला लावतो. चढा आणि हातानं पुसून घ्या. नाही तर मला दुसरा माणूस बघावा लागंल."

चांदपाशाचा हात माझ्या उजव्या कानावर होता आणि तो कान घामाने ओला झाला. गुडघ्याचं कारणसुद्धा त्याला त्या वेळी आठवलं नाही.

सर आत गेले. तेवढ्यात क्लासची झाडलोट करणाऱ्या नागुबाई बादली घेऊन बाहेर आल्या. त्यांनी वर पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

"चांदभाई, रांगोळी झकास जमली," त्या म्हणाल्या. "ठिपके काढले, आता रेषा कवा वढता?"

चांदपाशाला हसू आलं नाही.

"शिडी लावून पुसून घ्या की," त्या म्हणाल्या.

"नको."

"आवं, बांधून देते मी. धरून हुभी राहते."

"शिडी नको, बाई."

नागुबाईंनी बादली खाली ठेवली. मग त्यांनी हळूच विचारलं, "त्या दिवशी कुठं होतात तुम्ही?"

कोणत्या दिवशी, हे त्याने विचारलं नाही. त्या भागातल्या त्यांच्या वयाच्या माणसांना ते विचारावं लागत नाही.

"तिकडंच," तो म्हणाला.

"मी बी तिकडंच." पदर सावरत त्या म्हणाल्या, "अजून पत्र्याखालीच निजते मी. लेक म्हणतो, आई, सलॅबच्या खोलीत ये. मी म्हणते, तुझं घर चांगलं हाय बाबा, मला पत्राच बरा."

मी इतकी वर्षं माणसांजवळ राहिले, पण इतकं कमी बोलून इतकं सांगितलेलं पुन्हा कधी ऐकलं नाही.

मग नागुबाईंनी बादलीत ओंजळ बुडवली आणि तळमजल्याच्या एका काचेवर पाणी मारलं.

"हे कोनतं पानी?" चांदपाशाने विचारलं.

"एसीचं. मागच्या बाजूला नळ्यांतून गळतंय दिवसभर. मी डबे लावून ठेवलेत. ह्यानं फरशी पुसली की डाग न्हाई राहत. पिण्याचं बी न्हाई, कुनाच्या तोंडचं काढून घेतलं असंबी न्हाई."

दोघं त्या काचेसमोर उभे राहिले. पाणी ओघळलं, सुकलं. तेवढा तुकडा स्वच्छ निघाला, आणि त्यात दोघांचे चेहरे दिसले.

मित्रांनो, ते पाणी कुठून येतं ते मला नंतर समजलं. एका खोलीत दोनशे मुलं बसतात. मुरुडहून, रेणापूरहून, कुठून कुठून आलेली, भाड्याच्या खोल्यांवर एकेकटी राहणारी. त्यांच्या श्वासातली ओल यंत्रात गार होते आणि थेंब होऊन भिंतीमागे गळते. म्हणजे ते तुमच्यासारख्या मुलांच्या श्वासांचंच पाणी होतं. मला ते पाणी पोटात असताना एकटं वाटत नसे. हे बोलणं भाबडं वाटेल, पण आहे ते आहे.

शनिवारी डबे भरले. पण ते इमारतीच्या मागे होते आणि त्या बोळात व्हॅन शिरत नव्हती. मला तिथे नेऊन भरायचं आणि भरलेली पुढे आणायची, असं ठरलं. चांदपाशाने नेहमीसारखा उजवा कान धरला आणि बुडाखाली हात घातला. पण मी रिकामी नव्हते. त्याच्या पाठीतून कळ गेली आणि त्याने मला खाली टेकवलं.

नागुबाई पुढे आल्या. त्यांनी माझा डावा कान धरला. त्यावरचा कारखान्यातला कागद अजून तसाच होता.

"सोडा बाई, मी उचलतो."

"बनवणाऱ्यानं कान दोन दिलेत," नागुबाई म्हणाल्या. "एक काय पाव्हण्यासाठी राखून ठेवला का?"

आणि त्यांच्या मुठीत तो कागद टर्रकन फाटला.

त्या दिवशी मी पहिल्यांदा सरळ उचलले गेले. आजवर मी नेहमी एका बाजूला कललेली असायचे. कितीतरी खेपा झाल्या. आधी पाण्यात थोडा सिरका, म्हणजे व्हिनेगर, घालून ठिपके घासले, मग नुसतं पाणी सोडलं. रविवारी झुल्याचे दोर घेऊन माणसं आली, तेव्हा तिसरा मजला धुऊन होत आला होता. शंकरप्पा सरांनी मान वर केली. काचेत ढग दिसत होते. त्यांनी दोरवाल्यांना चहा पाजून परत पाठवलं आणि चांदपाशाला म्हणाले, "दर महिन्याला येत जा."

नंतरची दोन-तीन वर्षं माझी भरभराटीची होती. त्या रस्त्यावरचे सात क्लास आमचे झाले. प्रत्येक इमारतीमागे नागुबाईंच्या ओळखीची कुणीतरी बाई डबे लावून ठेवायची. माझं कौतुकही झालं. पण खरं सांगते, माझ्यात फार काही नव्हतं. पाणी मुलांचं होतं, अक्कल नागुबाईंची आणि हात चांदपाशाचे. मी फक्त नेत-आणत होते.

मग साथ आली आणि क्लास बंद पडले. नागुबाई लेकाकडे पुण्याला गेल्या. आठवड्याने परत येते म्हणाल्या होत्या. त्या आल्या नाहीत. त्यांच्याकडे चांदपाशाचा नंबर होता का, हे मला माहीत नाही. चांदपाशाने तो दिला नसावा. असल्या गोष्टी त्याच्या हातून राहून जात.

त्या काळात मी व्हॅनमध्ये पडून राहिले. माझ्यातलं पाणी कुणी काढलं नाही. पंप जाम झाला, बॅटरी फुगली, ब्रशचे केस झडले. क्लास पुन्हा सुरू झाले तेव्हा काचा धुवायला दोन तरुण आले. त्यांच्याकडे पिवळ्या चाकाचं मोठं यंत्र होतं. दोघांनी दोन बाजूंनी धरून ते सहज उतरवलं. मला त्यांचा राग आला नाही. ते दोघं होते, एवढंच मी पाहिलं.

चांदपाशाने व्हॅन विकली आणि लेकीकडे कंधारला जायचं ठरवलं. जाण्याआधी तो मला रिक्षातून त्या क्लासच्या मागच्या बोळात घेऊन आला. त्याने मला आतून-बाहेरून धुतलं, पुसलं आणि एसीच्या नळीखाली ठेवलं. "नागुबाई आल्या तर त्यांना डब्बा लागंल," तो म्हणाला. मग एकदा त्याने माझा डावा कान धरून पाहिला, आणि निघून गेला.

आता मी इथेच आहे. वरून थेंब पडतात. मी भरते आणि झाडायला येणारी नवी बाई माझ्यातलं पाणी काढून नेते. पंप चालत नाही, पण उपयोग संपलेला नाही, यावर मी समाधान मानते.

मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. कोणतीही वस्तू वापरून झाली की तिच्यातलं पाणी काढा, ती कोरडी करून ठेवा. आत साचून राहिलेलं नुकसान करतं. आणि कुणी एकटा माणूस ओझं उचलताना दिसला, आणि "सोडा, मी उचलतो," असं म्हणाला, तरी थोडं थांबा. दुसरा कान रिकामा आहे का ते पाहा.

माझ्या डाव्या कानाला त्या कागदाचा एक बारीक तुकडा अजून चिकटलेला आहे. पावसाने तो निघाला नाही, उन्हाने निघाला नाही. कुणीतरी मुठीत धरल्याशिवाय तो निघायचा नाही.