हात का उचलला नाहीस?

कौसल्येच्या पोटात काही राहत नसे. त्यातही लेकीचं कौतुक तर मुळीच नाही.

कण्णूरजवळच्या त्या गावातल्या विडी कारखान्यात चाळीस बायका मांडीवर सूप घेऊन ओळीनं बसायच्या. हात पानं कापत, तंबाखू भरत, दोरा गुंडाळत आणि तोंडं मोकळी असत. कौसल्येचं तोंड सगळ्यांत मोकळं.

"काल शिम्नानं उडी मारली ती माझ्या डोक्याएवढी! हातात तलवार, आणि पाय जमिनीवर टेकला तर आवाज नाही!"

"कौसूएडत्ती, तुझ्या लेकीला नवरा मिळायचा नाही हं," शेजारची नळिनी तिला थोरल्या बहिणीसारखं हाक मारून म्हणायची. "कोण घाबरट पोरगा तिच्या वाटेला जाईल?"

"न का जाईना! वाकड्या नजरेनं बघणाराही जाणार नाही. सहा जणांना लोळवील माझी पोर."

बायका हसत, आणि कौसल्येची मान ताठ होई. नवरा गेल्यापासून तिच्याकडे मान ताठ करण्यासारखी ही एकच गोष्ट होती. शिम्ना सात वर्षांची असताना तिनं तिला अनंतन गुरुक्कळांच्या कळरीत, म्हणजे युद्धकलेच्या आखाड्यात घातलं. तिथल्या लाल मातीच्या खड्ड्यात पोर सोळा वर्षं घाम गाळत होती. देवळाच्या उत्सवात तिचा खेळ बघायला पंचक्रोशी लोटायची.

शिम्नाला मात्र आईचं हे सांगत सुटणं आवडत नसे.

"अम्मे, कशाला सांगतेस सगळ्यांना? गुरुक्कळ म्हणतात, शिकलेलं अंगात राहावं, तोंडात नको."

"गुरुक्कळांना काय जातंय म्हणायला! त्यांना कुठं तरणी पोर आहे? लोकांना ठाऊक असलं की हात लावायची छाती होत नाही कुणाची. तूच सांग, झाकून ठेवलेल्या सुरीला कोण भितं?"

शहरातल्या एका मोठ्या साडीच्या दुकानात ती कामाला लागली, तेव्हा तिनं तिथं कुणाला काही सांगितलं नव्हतं. पण आईच एकदा साडी घ्यायला गेली आणि काउंटरवरच्या पोरींना मोबाइलमधला लेकीचा तलवारीचा फोटो दाखवून आली.

मग विषूचा, नव्या वर्षाचा सण आला. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. एका दुपारी पवित्रन नावाच्या मॅनेजरनं शिम्नाला माल मोजायला तिसऱ्या मजल्यावरच्या गोदामात पाठवलं आणि मागोमाग जाऊन आतून कडी घातली. बाहेरून कुणीतरी गठ्ठा घेऊन दार ठोठावलं तेव्हा ती सुटली.

त्या दिवशी घरी येऊन शिम्नानं दोनदा आंघोळ केली. आई पेज वाढायला बसली तर पोर म्हणाली, डोकं दुखतंय. दोन दिवस ती जेवली नाही. तिसऱ्या दिवशी, आई मासे साफ करत असताना, चुलीकडे तोंड करून तिनं सांगितलं. सगळं नाही, चार वाक्यं फक्त.

कौसल्येच्या हातातला मासा निसटला. आणि तोंडातून निघालं ते हे:

"अगं, मग तू काय करत होतीस? तुझे हात कुठं गेले होते?"

शिम्नानं आपल्या हातांकडे पाहिलं. जणू तीही त्यांना तेच विचारत होती.

"उठलेच नाहीत, अम्मे."

"सोळा वर्षं शिकलीस! सोळा वर्षं!"

शिम्ना उठून आत गेली. त्यानंतर त्या घरात दोघी एकाच चुलीवरचं जेवत होत्या, पण बोलणं कामापुरतं उरलं.

तरी पोरीनं धीर करून तक्रार दिली. दुकानाच्या मालकानं तिघांची चौकशी समिती नेमली. आठवडाभरानं त्या समितीतल्या, दुकानाच्या हिशेबनीस बाई, पांढऱ्या साडीतल्या, गोड बोलणाऱ्या, विडी कारखान्यात येऊन कौसल्येशेजारी टेकल्या.

"मुलगी गुणी आहे हो तुमची. कळरी खेळते म्हणे?"

कौसल्येला वाटलं, पोर कुणी ऐरीगैरी नाही हे या बाईला कळायलाच हवं. "खेळते म्हणजे? सहा जण अंगावर आले तरी भारी पडेल! विचारा इथं कुणालाही."

नळिनीनं कोपरानं ढोसलं, पण शब्द निघून गेले होते.

समितीचा कागद आला तेव्हा शिम्नानं तो वाचला आणि घडी न घालता आईच्या सुपात ठेवला. त्यात लिहिलं होतं: 'तक्रारदार मुलगी अनेक वर्षे युद्धकला शिकलेली असून, तिच्या आईच्याच सांगण्यानुसार ती सहा पुरुषांना भारी पडू शकते. अशा मुलीने कोणताही प्रतिकार केला नाही, आरडाओरडही केली नाही. त्यामुळे घडला प्रकार तिच्या इच्छेविरुद्ध होता असे म्हणता येत नाही.'

कौसल्येनं ते तीनदा वाचलं. आईच्याच सांगण्यानुसार!

"मोळे, माझ्या पोरी, मी तर तुझ्या भल्यासाठी..."

"ठाऊक आहे," शिम्ना म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी कौसल्या कामावर न जाता कळरीवर गेली. म्हातारे गुरुक्कळ कुणाच्या तरी गुडघ्याला तेल चोळत होते. त्यांनी त्या माणसाला वाटेला लावलं आणि तिला बसायला सांगितलं.

"गुरुक्कळ, काय शिकवलंत तुम्ही माझ्या पोरीला? वेळेवर एक हात उचलला नाही तिनं! आता लोक नाही नाही ते बोलतात."

"लोक नंतर बोलले, कौसू. आधी कोण बोललं?"

कौसल्येनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"इथं मी समोर उभा राहतो," गुरुक्कळ म्हणाले. "नमस्कार होतो. मी तोंडानं चाल सांगतो, मग पाय उचलतो. त्या माणसानं नमस्कार केला होता का? ज्याला रोज सर म्हणायचं, ज्याच्या सहीवर पगार, तो एकदम दार लावतो. तेव्हा अंग आधी दगड होतं. शिकलेल्याचंही होतं."

"तुमचं नाही व्हायचं."

म्हाताऱ्यानं तेलकट हात पुसले.

"माझ्या धाकट्या भावाला बाजारात चौघांनी घेरलं होतं. मी दहा पावलांवर होतो. तेव्हा माझ्या हाताखाली शंभर पोरं शिकत होती. कौसू, माझा पाय उचलला नाही. मी बघत राहिलो. भाऊ वाचला, पण जन्माचा लंगडा झाला. बावीस वर्षं तो या घरात माझ्या शेजारी बसून जेवला, आणि एकदाही त्यानं विचारलं नाही, अण्णा, तू का आला नाहीस? त्यानं विचारलं असतं तर मी त्याच दिवशी विहीर जवळ केली असती."

कौसल्येच्या डोळ्यांसमोर चुलीकडे तोंड करून उभी असलेली शिम्ना आली. अरे देवा! आपण पहिलाच प्रश्न तो विचारला! ज्या बाप्यानं कडी घातली त्याला कुणी विचारलं नाही, तू हात का लावलास? आणि आपल्या पोरीला आपण विचारलं, तू हात का उचलला नाहीस!

"मग मी कुणाला सांगायलाच नको होतं का?" तिनं रडत विचारलं.

"सांगण्यात पाप नाही. पण ते तिचं होतं. सांगायचं की नाही, कुणाला, कधी, ते तिनं ठरवायचं होतं. आणि तू नुसतं सांगितलं नाहीस. सगळ्या गावासमोर तिला घाबरायला बंदी केलीस. शिकलेली पोर घाबरू शकत नाही, असं कुठं असतं?"

कौसल्या तशीच दुकानात गेली. समितीसमोर उभी राहून म्हणाली, "मी फुशारकी मारली होती. माझं बोलणं माझ्या पोरीविरुद्ध लावू नका. तिला काय येतं ते विचारू नका, त्यानं काय केलं ते विचारा." हिशेबनीस बाई खाली बघत राहिल्या. मालक म्हणाला, चौकशी संपली आहे. मग कौसल्या नळिनीला घेऊन पोलीस ठाण्यात गेली, सरकारी तक्रार समितीकडेही अर्ज दिला. आज त्याला दोन वर्षं होतील. पवित्रनला दुसऱ्या गावच्या शाखेत पाठवलं, एवढंच झालं. तारखा पडताहेत.

शिम्नानं ती नोकरी सोडली. कळरीही सोडली. गुरुक्कळ दोनदा घरी येऊन गेले. त्यांनी तिला परत बोलावलं नाही, नुसता कोरा चहा पिऊन, इकडचं तिकडचं बोलून गेले. आता ती कोइंबतूरला एका छापखान्यात काम करते. तिथं तिच्याबद्दल कुणाला काही ठाऊक नाही.

कोइंबतूरला जायच्या आदल्या दिवशी ती पिशवी भरत होती. कौसल्या दाराशी येऊन उभी राहिली. माफी मागायला आली होती, पण शब्द फुटेनात. बोलकी बाई मुकी झाली होती.

"अम्मे, काही म्हणायचंय का?"

"मी तुला चुकीचं विचारलं, मोळे."

शिम्ना थांबली. हातातला कपडा तसाच राहिला. "मग आता बरोबर विचार."

कौसल्या जमिनीवर बसली. पोरीचे दोन्ही हात तिनं आपल्या हातांत घेतले.

"काय झालं होतं गं तुला?"

इतक्या महिन्यांत हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. शिम्ना सांगायला लागली, आणि त्या दुपारी कौसल्येनं पहिल्यांदा मधे एक शब्दही न बोलता ऐकलं.

वाचकहो, आपल्या मुली आज शाळाशाळांतून स्वसंरक्षण शिकताहेत. जरूर शिकू द्या. पण ती विद्या त्यांची आहे. तिचा बोभाटा करायचा की ती अंगात जपायची, हे त्यांना ठरवू द्या. आणि देव न करो, पण एखाद्या दिवशी ती विद्या कामी आली नाही, तर हिशेब मुलीकडे मागू नका. तो मागायचा आहे, कडी घालणाऱ्याकडे.