काटेवाल्याचं आमेन

"आणि बापा, आमचं लेकरू आज सुखरूप घरी आलं, म्हणून तुझे उपकार," बायको म्हणाली आणि डोळे मिटूनच थांबली.

"आमेन," काटेवाला म्हणाला.

मुलगी भांडी आपटतच उठली. आईला आंघोळ घालायला ती रोज संध्याकाळी यायची. तिने बापाला स्वयंपाकघरात गाठलं.

"पप्पा, दादाला जाऊन अकरा वर्षं झाली. मम्मीला कळत नाही, पण तुम्हाला कळतं ना? प्रार्थनेत खोट्याला आमेन म्हणवतं तरी कसं तुम्हाला?"

"मग काय करू? रोज एकदा मारू त्याला, तिच्यासमोर?"

मुलगी चप्पल घालून घरी गेली. पण तिचं बोलणं काटेवाल्याच्या वर्मी लागलं होतं. उभा जन्म त्याने दुकानादुकानांतून वजनकाटे दुरुस्त केले. पारड्याखाली चुंबक चिकटवणाऱ्या एका व्यापाऱ्याशी तो भर बाजारात हातघाईवर आला होता. असा हा माणूस, बायकोला विसर पडायला लागल्यापासून, गेली दोन वर्षं रोज देवासमोर खोट्या मापावर शिक्का मारत होता.

जेवणाआधी प्रत्येकाने एका गोष्टीबद्दल देवाचे उपकार मानायचे, हा नियम बायकोचाच, लग्नापासूनचा. कालचं आज चालायचं नाही. "आज गणिताचे सर आजारी पडले, उपकार," असं मुलगा एकदा म्हणाला, तेव्हा तिने त्याचा कान धरून दुसरं शोधायला लावलं आणि मग पाठ फिरवून स्वतःच हसत बसली. मोटारसायकलच्या अपघातात तो गेला, त्या दिवशीही तिला काहीतरी सापडलं. चेहरा शाबूत राहिला, म्हणाली. काटेवाल्याला मात्र त्या दिवसापासून काहीच सापडलं नव्हतं. तो नुसता तिच्या उपकारांना आमेन म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी मुलगी आईची आंघोळ उरकून लवकरच गेली. काटेवाल्याने नेहमीसारखी तीन ताटं मांडली. बायको तिसऱ्या ताटाकडे बराच वेळ बघत राहिली.

"अहो, तो येणार नाही ना?"

त्याच्या हातातला पेला खाली आला. हे तिने आजवर कधी विचारलं नव्हतं, म्हणून तोंडाने खोटं सांगायची पाळीही त्याच्यावर आली नव्हती.

"नाही."

"किती दिवस झाले?"

"अकरा वर्षं."

"अगं बाई! मग मी रोज काय बडबडते? आणि तुम्ही ऐकून घेता?"

"आमेन म्हणतो."

"लाज नाही वाटत?"

"वाटते गं."

ती रडायला लागली. मग त्यालाही आवरेना. मुलगा गेला तेव्हा ती आल्यागेल्यांना सांभाळत राहिली आणि काटेवाला तिला. दोघांनी मिळून रडायचं तेवढं राहूनच गेलं होतं. आता त्याने तिचा हात घट्ट धरला आणि पोटभर रडून घेतलं.

"तुमची पाळी," बायको डोळे पुसत म्हणाली. "अन् नवीन हवं हं. कालचं चालणार नाही."

हा दम त्याने किती दिवसांनी ऐकला! तिचा हात न सोडता त्याने डोळे मिटले. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याला शोधावं लागलं नाही.

"बापा, आज ही माझ्याबरोबर रडली. तुझे उपकार."

तिच्या आमेनची वाट बघत तो तसाच बसून राहिला. तिचा हात हळूच त्याच्या हातातून निसटला. ताट सरकल्याचा आवाज आला. त्याने डोळे उघडले, तर ती तिसऱ्या ताटात वाढत होती, चेहरा अगदी निवांत.

"एवढं झाकून ठेवा हो," ती म्हणाली. "हातपाय धुतोय तो. गार होईल."

"तू आत्ता मला काय विचारलंस, आठवतं?"

"मी? काय विचारलं?"

"काही नाही," काटेवाला म्हणाला.

त्याने उठून ताट झाकलं. परत येऊन बसला, आणि आपल्या उपकारांना आपणच, हळूच, आमेन म्हणाला.