मागच्यांना ऐकू येतंय का?

मित्रांनो, जरा मोठ्याने बोललो तर कान झाकू नका. हळू बोलायला मला कुणी शिकवलंच नाही. मी एक जुना कर्णा आहे. म्हणजे पुस्तकात कर्णा. आमच्या अंबरनाथच्या मोरिवलीत सगळे मला भोंगाच म्हणतात. म्हणू देत. नावं ठेवणारे आले नि गेले, मी अजून खिळ्याला लटकून आहे.

माझा जन्म उल्हासनगरचा. एका सिंधी काकांच्या गाळ्यात ॲल्युमिनियमचा पत्रा वळवून मला घडवलं आणि पाठीवर शिक्का मारला, ‘मेड इन यूएसए’. मी बरीच वर्षं स्वतःला अमेरिकेचा समजत होतो. यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, ही तिथली जुनी थट्टा मला फार उशिरा कळली. तोवर माझी मिजास करून झाली होती.

मला विकत घेतलं शंकररावांनी. ते अंबरनाथच्या एका कारखान्यात पाळीवर जायचे आणि उरलेल्या वेळात साउंडचं काम करायचे. आमचं पहिलं काम म्हणजे चौदा एप्रिलची जयंती. सकाळी विहारासमोर त्रिसरण-पंचशील झालं, ते माझ्यातून. पांढऱ्या साड्यांतल्या बायका, नीळ घातलेले सदरे, आणि वर बांबूला बांधलेला मी, नवाकोरा, चकचकीत. काय दिवस होता तो!

पुढे मी काय काय बोललो म्हणून सांगू! बारवी धरणाची पाण्याची लाइन फुटली की मी रिक्षावर बसून गल्लोगल्ली सांगत जायचो, उद्या पाणी नाही, आजच भरून ठेवा. पोलिओचा डोस मी सांगितला. वांगणीला एका लग्नाच्या हळदीत मी रात्रभर गाणी म्हटली. महाशिवरात्रीच्या जत्रेत हरवलेल्या पोरांच्या फ्रॉकचे रंग सांगितले, आणि आयांना रडत धावत येताना पाहिलं. आज लोक म्हणतात, भोंगा नुसता कटकट करतो. अरे, तुमची कितीतरी पोरं मी घरी पोचवली आहेत!

शंकररावांचे दोन नियम होते. पहिला सुपारीचा. आमच्या धंद्यात काम ठरलं की गिऱ्हाईक हातावर सुपारी ठेवतं. ती घेतली की शब्द दिला. सभा कुणाची, कशासाठी, हे विचारायचं नाही. “भोंगा सगळ्यांचा असतो,” ते म्हणायचे, “आज याचा, उद्या त्याचा. आपल्या मालकीचं फक्त टेस्टिंग.”

दुसरा नियम टेस्टिंगचा. बाकीचे साउंडवाले हॅलो, वन टू थ्री म्हणून मोकळे होतात. शंकरराव तसं करत नसत. मला ते नेहमी मैदानाच्या अगदी टोकाला बांधायचे, जिथे उशिरा आलेले कामगार आणि कडेवर पोर घेतलेल्या बायका उभ्या असतात. मग माइक हातात घेऊन विचारायचे, “हॅलो. मागच्यांना ऐकू येतंय का?” मागचे हात वर करायचे. सगळे हात वर आल्याशिवाय त्यांनी कधी पुढाऱ्याच्या हाती माइक दिला नाही. पुढारी चुळबुळत उभे राहायचे. मला तेव्हा फार मजा वाटायची.

शंकरराव गेले. धंदा त्यांच्या मुलाकडे, कैलासकडे आला. कैलासने मोठाले स्पीकर घेतले, पण मला काढलं नाही. त्याची बायको चांगुणा उल्हासनगरला मुकेशशेठच्या कारखान्यात जीन्सचे खिसे शिवते. कामावरून आली की ओल्या फडक्याने माझं तोंड पुसायची आणि म्हणायची, “दिवसभर दुसऱ्याचं बोलून बोलून तोंड काळं झालंय बघा याचं.” जीभ फार तिखट, पण हात मायेचा.

अलीकडे तिला जिना चढताना दम लागायला लागला. डॉक्टर म्हणाले, हृदयाची झडप खराब आहे, ऑपरेशन करावं लागेल. पण धीर होता, कारण सरकारचा एक हुकूम निघाला होता: कारखाना कितीही लहान असो, मालकाने कामगारांचा आरोग्य विमा काढलाच पाहिजे. चांगुणाला कार्ड मिळालं होतं. नगरसेवक महेंद्रभाऊंनी ती कार्डं चौकात मंडप घालून वाटली, प्रत्येक कार्डाच्या पाकिटावर स्वतःचा फोटो लावून. तेव्हाही मीच ओरडलो होतो. ऑपरेशन सोमवारी ठरलं.

छोट्या कारखानदारांना ही सक्ती झेपत नव्हती. ते कोर्टात गेले. महेंद्रभाऊंचे विरोधक श्रीपादशेठ त्यांच्या पाठीशी उभे राहिले. पालिकेची निवडणूक तोंडावर आली होती ना! त्यांनी कैलासच्या हातावर सुपारी ठेवली. “कोर्टाचा एक निकाल यायचाय. आपल्या बाजूने लागला की दुसऱ्या दिवशी सभा. साउंड तुझा.” कैलासला वाटलं, रस्त्याच्या जागेचा काहीतरी वाद असेल. विचारायची आमच्याकडे पद्धत नाही. त्याने सुपारी घेतली.

निकाल लागला. कोर्ट म्हणालं, हेतू चांगला असेल, पण अशी सक्ती करायची तर रीतसर कायदा करा, नुसत्या हुकुमाने होत नाही. हुकूम रद्द. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यातून फोन आला, वरून काही कळेपर्यंत ऑपरेशन थांबवलंय. आणि तासाभरात श्रीपादशेठचा माणूस दारात. “चल कैलास, संध्याकाळी विजयसभा.”

सुपारी याच निकालाची होती, हे कैलासला तेव्हा कळलं. माणूस गेल्यावर म्हणाला, “मी नाय जाणार. सुपारी परत करतो.”

“आणि तुमच्या बाबांच्या फोटोकडं कसं बघणार?” चांगुणा म्हणाली. “जावा तुम्ही. माझं दुखणं घरीच राहील, ते काय सभेला येत नाय.” मग फडकं घेऊन ती माझ्याजवळ आली. पुसताना तिला मध्येच थांबावं लागलं. “माझा आवाज तर बसला,” ती म्हणाली, “याचा तरी नीट राहू दे.” मित्रांनो, मी पत्र्याचा आहे, पण त्या वेळी मला रडू आलं.

संध्याकाळी मैदान भरलं. पुढे खुर्च्यांवर हार घातलेले कारखानदार, त्यांत मुकेशशेठही. मागे, माझ्या बांबूखाली, नेहमीचे लोक. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या खिशात तीच कार्डं होती. सभेला का आलो हे त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. कैलासने माइक घेतला.

“हॅलो. मागच्यांना ऐकू येतंय का?”

हात वर झाले. श्रीपादशेठनी माइकसाठी हात पुढे केला. कैलासने तो दिला नाही.

“येतंय ना? मग अजून थोडं टेस्टिंग करतो. माझी बायको चांगुणा जीन्सचे खिसे शिवते. तिच्या हृदयाची झडप खराब आहे. सोमवारी ऑपरेशन होतं. काल निकाल लागला, आज दवाखान्याने थांबायला सांगितलं. ज्यांना आनंद झालाय त्यांनी आनंद करा. मी सुपारी घेतलीय, आवाज बरोबर देईन. फक्त तिला आता कुठं न्यायचं, तेवढं कुणीतरी या माइकवर सांगा. हॅलो. टेस्टिंग संपलं.”

मी आयुष्यभर भाषणं ओकली. पण माझ्या मालकाच्या घरचं दुःख माझ्या तोंडून निघालं ते त्या एकाच संध्याकाळी. श्रीपादशेठनी माइक घेतला आणि “ऐतिहासिक विजय” एवढं म्हणाले, तोच मागून एक बाई बोलली, “साहेब, पहिलं त्याचं सांगा.” मग दुसरा बोलला, तिसरा बोलला. भाषणाचा कागद श्रीपादशेठच्या हातात तसाच राहिला.

तेव्हा मुकेशशेठ उठले. गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला आणि माइकजवळ आले. “चांगुणा मेरे यहाँ काम करती है,” ते म्हणाले. “सरकारने न विचारता बोजा टाकला, म्हणून मी कोर्टात गेलो. पण केस मैंने सरकार पे डाला था, चांगुणा पे नहीं.” असं म्हणून ते श्रीपादशेठकडे बघत राहिले. मैदानही बघत राहिलं. श्रीपादशेठनी हातातला कागद खिशात टाकला. शेवटी त्यांनी जाहीर केलं की ज्यांच्या ऑपरेशनच्या तारखा ठरल्या आहेत, त्यांचा खर्च कारखानदारांची संघटना उचलेल. टाळ्या पडल्या. त्या कुणासाठी होत्या हे मला वरून स्पष्ट दिसत होतं.

पुढचं राजकारण म्हणजे नुसता तमाशा. महेंद्रभाऊंनी मोर्चा काढला, म्हणे आमच्या कार्डाचाच हा विजय. श्रीपादशेठनी बॅनर लावले, म्हणे गोरगरिबांचे आम्हीच तारणहार. दोघांच्याही बॅनरवर चांगुणाचा फोटो, तिला न विचारता. ती बघून म्हणाली, “मेल्यांनी साडी तरी बरी निवडायची.” निवडणूक झाली, एक जिंकला, एक हरला. ज्यांच्या तारखा ठरलेल्या नव्हत्या, ते अजून कार्ड जपून बसले आहेत. कायदा होणार म्हणतात. होईल तेव्हा गल्लोगल्ली जाऊन सांगायला मला आवडेल, पण आता मला कोण बोलावतंय!

आता मोठा एलईडी पडदा लावलेल्या प्रचाराच्या गाड्या आल्या आहेत. त्यांत आवाज आधीच भरलेला असतो. टेस्टिंग नाही, विचारणं नाही, मागे कुणी उभं आहे की नाही याची फिकीर नाही. माझी तार कुरतडली गेली, तोंडाला पोचा आला. मी कैलासच्या गाळ्यात खिळ्याला लटकून जुने दिवस आठवत असतो. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूला वर्षातून एकदा फडकं मारा, एवढंच मागणं आहे. आणि मोठं होऊन कधी तुमच्या हातात माइक आलाच, तर बोलायच्या आधी एकदा मागे बघा.

या चौदा एप्रिलला मात्र कैलासने मला खाली काढलं. नवी तार जोडली आणि विहारासमोर, जुन्याच जागी, बांबूला बांधलं. पांढऱ्या साडीतली चांगुणा जिना उतरून चालत आली. मध्ये कुठे थांबली नाही. कैलासने टेस्टिंगसाठी माइक उचलला, तो तिने त्याच्या हातातून घेतला.

“हॅलो,” ती म्हणाली. एका दमात, धाप न लागता, अख्खं वाक्य म्हणाली. “मागच्यांना ऐकू येतंय का?”

सगळ्यांत मागे उभ्या असलेल्या मुकेशशेठनी आधी हात वर केला.