मंगळवार-शुक्रवारचं इंजेक्शन

आकारामची बायको शालूबाई जाऊन सव्वा महिना झाला होता, तेव्हा त्यांच्या पोरीच्या, अनुजाच्या नावानं ते पत्र आलं. इंग्रजीत होतं. अनुजाला चार वर्षं पळायला शिकवणाऱ्या गणपतराव सरांनी ते आकारामच्या घरी सोप्यात बसून वाचलं. जानेवारीतल्या शर्यतीनंतर पोरीची लघवी तपासायला नेली होती. तिच्यात बंदी असलेलं औषध सापडलं होतं.

"ती ताकदीची पावडर खाती न्हवं, तिच्यात भेसळ असंल," सर म्हणाले. "नाव तरी बघा की, जीभ वळंना."

सर दोनदा अडखळले. आकारामनं ते नाव सरळ म्हणून दाखवलं. एरिथ्रोपोएटिन.

शालूबाईच्या किडन्या गेल्यापासून, दोन वर्षं, तो ते शाहूपुरीतल्या दुकानातून आणत होता. रक्त वाढवायचं इंजेक्शन. मंगळवारी एक, शुक्रवारी एक. लाईट गेली की तो दूध संघातनं बर्फ आणून इंजेक्शनांचा डबा त्यात ठेवायचा. पहाटे चारला त्याला दुधाच्या टेम्पोवर जावं लागे, म्हणून टोचायचं काम अनुजाकडं होतं. टोचलं की ती कॅलेंडरवर बरोबरची खूण करायची. कॅलेंडर अजून फ्रिजशेजारी होतं. एकही खूण चुकलेली नव्हती.

शेवटचे तीन महिने शालूबाईचं रक्त उतरतच गेलं. डॉक्टर म्हणाले होते, औषध आता लागू पडत नाही.

"कधीपासनं?" आकारामनं विचारलं.

अनुजा दारात उभी होती. "दिवाळीपासनं. आईनंच दिली, आबा. म्हणाली, माझं काय, आज हाय उद्या न्हाय. तू पळ."

"सगळी?"

ती उंबऱ्यावरचं पायपुसणं पायानं सरळ करत राहिली.

सरांनी घसा साफ केला. "आकाराम, झालं ते झालं. चार वर्षं बंदी पडंल पोरीवर. आपण लिहून देऊ, आईनं ताकदीचं म्हणून अडाणीपणानं टोचलं, पोरीला ठावं न्हवतं. तुमची सही लागंल. वहिनींना आता कोण इचारणार हाय?"

"तिला अडाणी म्हणू नका. रक्ताचा दर महिन्याचा आकडा तिला तोंडपाठ होता."

"आबा, करा की सही," अनुजा म्हणाली. "पळायचं सोडून मला काय येतंय?"

"आईनं खरंच दिली?"

"व्हय." तिनं हार घातलेल्या फोटोवर हात ठेवला. "आईची आण."

आकारामनं मान हलवली. "गेलेल्या माणसाची आण घिऊन कुणाचं काय बिघडतंय? हितं ये. माझी आण घे."

ती आली. हात उचलला. तो त्याच्या डोक्यापासून वीतभर वर थांबला. मग तिनं तो मागं घेतला.

"आबा, तुमच्याबिगर मला कोण हाय?" ती म्हणाली आणि खाली बसली.

आकारामनं पत्र सरांच्या हातात परत दिलं. "मी सही करणार न्हाय."

"पोरीचं वाटोळं करताय," सर म्हणाले.

"व्हय," तो म्हणाला.

सर गेले. अनुजा भिंतीला टेकून रडत होती. तिच्या पाठीवरनं हात फिरवावा असं त्याच्या मनात आलं, पण हात उचलेना. तो फ्रिजपाशी जाऊन कॅलेंडर बघत बसला. दिवाळीपासूनच्या खुणा त्यानं बोटानं एकेक करून धरल्या. सगळ्या सारख्याच दिसत होत्या.