मानपान न मागणारं स्थळ

रामलिंगनं नातीसाठी स्थळ आणलं, तेव्हा सगळी गल्ली म्हणाली, म्हाताऱ्याला उशिरा का होईना, लाज वाटली. कसली लाज अन् कसलं काय! पण तेव्हा ते कुणालाच ठाऊक नव्हतं, त्याच्या सुनेला, रुद्राणीलाही नाही.

रुद्राणीचा नवरा शिवकुमार कळंब्याच्या जेलमध्ये सात वर्षांची सजा भोगत होता. आमटी अळणी झाली म्हणून त्यानं बायकोच्या डोक्यात लोखंडी पाइप घातला होता. ती वाचली, डावा कान मात्र कायमचा गेला. कोर्टातून नेताना तो तिच्याकडे बघून हसला होता. "सुटून आलो की ऱ्हायलेलं पुरं करतो," म्हणाला होता. तेव्हापासून ती लेकीला, शांभवीला घेऊन दोन गल्ल्या पलीकडे भाड्याच्या खोलीत राहत होती आणि शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये भाकरी थापत होती. सासरच्यांनी इतक्या वर्षांत जगलीस का मेलीस म्हणून विचारलं नव्हतं.

आणि एकाएकी हे स्थळ. शिरोळचा मुलगा, उसाची शेती, घरचा ट्रॅक्टर. सुपारी फुटली. शांभवी आरशासमोरून हलेना. सासू बाळाबाई, जिनं सुनेच्या रक्तानं माखलेला घराचा पुढचा सोपा धुताना गप बसली असतीस तर काय बिघडलं असतं, असं विचारलं होतं, तीच आता पेढे भरवू लागली. लेकीच्या तोंडाकडे बघून रुद्राणीनं तो पेढा गिळला.

एकच गोष्ट तिला खटकत होती. मुलाकडच्यांनी मानपानाचा विषयच काढला नव्हता. आमच्याकडे साडीच्या काठावरून मावळणी, म्हणजे आत्या, रुसतात आणि टॉवेल-टोपी राहिली म्हणून पाहुणे भर मांडवातून उठतात. इथं हूं नाही की चूं नाही. रामलिंग म्हणाला, देवमाणसं आहेत. खरी गोष्ट अशी, की हे सगळं पुरुषांनी जुळवलं होतं. साड्यांचं बघणं बायकांचं काम, त्यामुळे ती बाब त्यांच्या टाळक्यात शिरलीच नव्हती.

म्हणून सुट्टीच्या दिवशी रुद्राणी खण-नारळ घेऊन एसटीनं शिरोळला गेली. मानाच्या साड्या किती, ते व्याहीणबाईला सरळच विचारावं. बाईंनी चहा दिला, पण ही ओटी भरायला उठली तशी त्या मागं सरकल्या. खणाला हात लावीनात. त्या इतक्या हळू बोलत होत्या, की रुद्राणीनं उजवा कान पुढं केला.

"ओटी नगं, बाई. मला पाप लागंल. ह्ये लगीन व्हायाचं न्हाय. तुमचं मालक सुटून येईतोवर नुसतं नाव द्या, म्हणालं तुमचं सासरं. माझ्या मालकांचा अन् त्यांचा जुना दोस्ताना हाय. मागनं मोडलं म्हणून सांगायचं ठरलंय."

मुलीचं लग्न असलं की कैद्याला पॅरोलवर सोडतात. एवढ्यासाठी या नीच माणसांनी पोरीच्या कपाळाला कुंकू लावलं होतं. न भरलेल्या ओटीचे खण-नारळ मांडीवर घेऊन रुद्राणी परतीच्या एसटीत बसली. नवऱ्याची तिला भीती वाटायची, या माणसांची तिला किळस आली. शांभवीला काय सांगायचं, कुठल्या तोंडानं सांगायचं, हे काही तिला सुचलं नाही, म्हणून ती गप्प राहिली.

शिवकुमारच्या पॅरोलच्या अर्जाच्या चौकशीला हवालदार आला तो नेमका रामलिंगच्या सोप्यात बसला आणि रुद्राणीला तिथंच बोलावणं धाडलं. ज्यांच्यापासून बाईला वाचवायचं, त्यांच्याच मांडीला मांडी लावून तिचा जबाब! वर त्यांच्याच घरचा चहा. रामलिंग डोळ्यांना पंचा लावून बसला होता. बाप जिवंत असताना लेकीवर अक्षता टाकायला तो नको का, म्हणत होता. हवालदारानं विचारलं, तुमची काही हरकत आहे का?

"लग्नासाठी बाप सुटत न्हाय, सायेब," रुद्राणी म्हणाली. "बाप सुटावा म्हणून लगीन हाय. शिरोळला जाऊन इचारा. अन् माझा जबाब हितं न्हाय, ठाण्यात घ्या. ह्या सोप्यात माझं डोस्कं फुटलंय."

रामलिंग हसला. बाई कानानं अधू आहे साहेब, काहीतरी उलटसुलट ऐकून आली असेल, असं म्हणाला. त्याच्याच पोरानं फोडलेला कान! हवालदारानं कप खाली ठेवला. दारात शांभवी उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं.

शिरोळची माणसं पोलिसांपुढं घडाघडा बोलली आणि अर्ज बारगळला. गल्लीनं मात्र आईनंच लेकीचं लग्न मोडलं, असं ठरवून टाकलं. शांभवी बरेच दिवस धड जेवली नाही, की कुणाशी बोलली नाही.

पुढच्याच महिन्यात निरोप आला. बाळाबाई अंथरुणाला खिळली आहे, लेकाचं तोंड बघायला जीव अडकलाय. आदल्याच दिवशी रुद्राणीनं तिला मंडईत मेथीच्या पेंडीवरून भांडताना पाहिलं होतं. आई मरायला टेकली तरी पॅरोल मिळतो, हे तिला आता कुणी सांगायला नको होतं. रामलिंग डॉक्टरच्या दाखल्यासाठी हिंडतच होता. रुद्राणी त्या घराची पायरी चढणार नव्हती. शांभवीच चप्पल घालून म्हणाली, चल.

सोप्यात गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. बाळाबाई डोक्याला फडकं बांधून कण्हत पाणी मागत होती. शांभवीनं तांब्या भरून आणला. आज्जीची मान उचलून तिला दोन घोट पाजले, डोक्यावरचं फडकं नीट केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"आज्जी, ह्ये तरी खरं हाय न्हवं? का माझ्या लग्नागत, बाबा सुटून येईतोवरच?"

बाळाबाई कण्हायचं विसरली.