बायाक्काचा बैल आणि मी

मी एक जुनी पिचकारी आहे. हसू नका मित्रांनो, रंगपंचमीची नव्हे. गुरांना लस टोचायची. काचेची नळी, पितळेचा दट्ट्या आणि जाडजूड सुई. बेळगावच्या गुरांच्या दवाखान्यात माझी उमेदीची वर्षे गेली. डॉक्टर श्रीपादराव मला रोज उकळत्या पाण्याने आंघोळ घालत. असले लाड कुणाच्या वाट्याला येतात?

फाशी, म्हणजे अँथ्रॅक्स, हा गुरांचा रोग फार वाईट. सकाळी वैरण खाणारा बैल संध्याकाळी आडवा होतो. मेलेल्या जनावराचे कातडे काढणाऱ्यालाही तो रोग धरतो. १९३८ साली जवळच्या कंग्राळी गावात फाशी आली, तेव्हा आम्ही धावलो. तिथल्या बायाक्का या शेतकरणीच्या दोन्ही बैलांना मी टोचले. तेव्हाची लस कडक होती. एका बैलाच्या मानेवर भाकरीएवढी सूज आली. सुजेवर डाग द्यायचा, ही गावची रीत. बायाक्काने विळा तापवून डागले. तिसऱ्या दिवशी बैल गेला.

"तुमच्या सुईनंच मारलं त्याला!" ती रडत म्हणाली. मला ते फार लागले.

'डागल्याने मेला' असे लिहून डॉक्टरांना मोकळे होता आले असते. पण सूज केव्हा आली, केवढी होती, डाग कधी दिला, सगळे त्यांनी लस बनवणाऱ्यांना खरेखरे कळवले. कंग्राळीत मात्र पुढे आम्हाला कुणी गोठ्यात घेईना.

सात वर्षांनी नवी, सौम्य लस आली. नेमकी तेव्हाच शेजारच्या गावात फाशी लागली. बायाक्काकडे आता एकच बैल होता. डॉक्टर मला घेऊन पुन्हा तिच्या दारी गेले, तेव्हा तिने त्यांना विचारले,

"ह्यो बी गेला तर औताला काय जुपू, अण्णा? ह्या खेपेला सुजायचं न्हाय न्हवं?"

"सुजेल, बायाक्का. लिंबाएवढं. खोटं कशाला सांगू? पण डागू नका, आणि आठ दिवस जुंपू नका."

मग तिने स्वतःच बैलाचे शिंग धरले. मी जपून टोचले.

लिंबाएवढीच सूज आली. डॉक्टर रोज येऊन बघत. पाचव्या दिवशी ती उतरली. पुढच्या आठवड्यात फाशी कंग्राळीत शिरली आणि गावातल्या मष्णूची न टोचलेली म्हैस गेली. बायाक्काचा बैल वैरण खात उभा होता. मग तीच घरोघर सांगत फिरली, "सुजंल थोडं, पर डागू नगा!"

आता मी कपाटात असते. मित्रांनो, माझे एकच मागणे आहे. औषधाने काही बिघडले, तर ते लपवू नका. अशा खऱ्या हकिकतींवरूनच लस सुधारत गेली. बायाक्काच्या मेलेल्या बैलामुळे कितीतरी बैल वाचले असतील. हे तिला कुणी सांगितलेच नाही. मला तेव्हा बोलता आले असते, तर मी तिला तेवढेच सांगितले असते.